बरोबरीचे सरदार

१७६९ च्या उत्तरेकडील मोहिमेत महादजी शिंदे व तुकोजी होळकर हे बरोबरीचे सरदार होते. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक हे पद दिले. पेशव्यांचे नायब म्हणून त्याचा कारभार महादजींच्या हाती आला. कालचा सोबती वरिष्ठ झाला, हे तुकोजींना रुचले नाही. मुलखाच्या वाटणीवरून तेढ वाढली. १७९२ मध्ये पुण्यास आलेल्या महादजींनी स्वतःस पाटील म्हणवून पेशव्यांपुढे लीनता दाखविली. परंतु धन्यापुढे नमणे सोपे, सोबत्याचे मन राखणे कठीण. महादजी दक्षिणेत असतानाच १७९३ च्या जूनमध्ये लाखेरीस शिंद्यांच्या फौजेने होळकरांचा पराभव केला. वैर पुढच्या पिढीतही शमले नाही. १८०३ मध्ये इंग्रज शिंद्यांवर चालून आले, तेव्हा होळकर अलिप्त राहिले.