रानवाटेने परतलेली मुले

चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशाच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना शाळा किती निघाल्या, हे बहुधा मोजले जाते. त्या शाळांतून किती मुले रानवाटेने घरी परतली, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक खरा इतिहास तेथेच आहे.

गावच्या शाळेतील चौथी संपली की गोंड-माडिया मूल दहाव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन दूरच्या आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात येई. घरची भाषा गोंडी किंवा माडिया, म्हणजे तेलुगूप्रमाणे द्राविडी कुळातील. वर्गातील भाषा मराठी. घंटेवर उठणे, घंटेवर जेवणे, अनोळखी माणसांपुढे उभे राहून उत्तर देणे, हे सारे नवे. मूल गप्प होई आणि गप्प मुलाला मंद समजले जाई. ही चूक प्रस्तुत लेखकाच्या हातूनही झालेली आहे.

या गप्पपणाचा विचार प्रथम झाला तो निजामाच्या राज्यात, हे आपल्याला जरा नवलाचे वाटेल. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यात १९४० साली कोमराम भीमचा उठाव चिरडला गेला आणि सरकारला गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याची गरज वाटली. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मारलवाई या गोंड गावी शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. शिक्षक म्हणून गोंड तरुणच निवडले गेले आणि पहिली पुस्तके देवनागरी लिपीत, पण गोंडी भाषेत तयार झाली. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हेही याच प्रदेशात अधिकारी होते. त्यांनी गोंडी आत्मसात केली आणि तिचे व्याकरण लिहिले. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकावी, ही गोष्ट तेव्हाही विरळाच होती.

पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. मारलवाई आंध्राकडे गेले, राजुरा मराठी मुलखात आला. महाराष्ट्रात १९७२-७३ पासून शासकीय आश्रमशाळांचा विस्तार झाला. त्यामुळे निवास, भोजन, गणवेश यांची सोय झाली आणि ती लहान गोष्ट नव्हे. परंतु मुलाच्या मनातील भीतीसाठी कोणत्याही अंदाजपत्रकात रकाना नव्हता.

तो रकाना हेमलकशाने भरला. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. १९७६ मध्ये तेथे शाळा निघाली. आरंभी मुले तेथूनही पळून जात. पण डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांचे सहकारी माडिया शिकले होते. पळून गेलेल्या मुलाच्या आईबापांशी त्यांच्याच भाषेत बोलणे शक्य होते. दवाखान्यात बरा होऊन गेलेला रुग्ण अनेकदा कोणा विद्यार्थ्याचा नातलग असे. ओळख आधी आणि धडा नंतर, असा तो क्रम होता. याच शाळेतून पुढे डॉक्टर, वकील व शिक्षक झाले.

१९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने शालेय मुलांसाठी जीवनकौशल्यांची यादी मांडली: स्वतःची ओळख, समानुभूती, संवाद, भावनांचे नियमन, ताणाशी जुळवून घेणे इत्यादी. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर ही कौशल्ये मुलाला सावरतात, हे शिक्षणशास्त्र आता सांगते. मात्र ती रानातल्या मुलाजवळ नसतात, असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. माडिया गावांत गोटुल होते. तेथे संध्याकाळी तरुण मुले-मुली एकत्र येत, पाहुण्यांची सोय होई, गावाचे निर्णय होत. थोरांचे ऐकणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, मिळालेले वाटून घेणे, हे मूल तेथे पाहतच वाढे. शाळेत मात्र शेजाऱ्याला उत्तर सांगणे हा गुन्हा ठरतो. एका जगातील सद्गुण दुसऱ्या जगात अपराध होतो, तेव्हा त्या दहा वर्षांच्या जीवाने कोणाला विचारावे?

वेळापत्रकही त्याच्या बाजूचे नसते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. सारे घर पहाटे टोपल्या घेऊन रानात जाते आणि नेमक्या त्याच दिवसांत वार्षिक परीक्षा असते. हजेरीपुस्तकात तेव्हा जो 'गैरहजर' शेरा पडतो, तो मूल आईबरोबर मोहाच्या झाडाखाली असताना पडतो.