लॅमिंग्टन रोड आणि तारांचे रंग

मुंबईत तारांच्या रंगांच्या दोन रीती थोड्या अंतरावर नांदतात. काळबादेवीच्या लोहार चाळीत घरगुती वायरिंगचे सामान मिळते. तिथल्या रुळलेल्या रीतीत लाल, पिवळी, निळी या फेजच्या तारा, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर हेच रंग निराळ्या अर्थाने भेटतात. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या लाल तारेवर 5 व्होल्ट, पिवळीवर 12 आणि काळी ग्राउंड. हिरवीचा अर्थिंगशी काही संबंध नाही, ती एसएमपीएस चालू करण्याची तार आहे. घरचे वायरिंग शिकून कॉम्प्युटरकडे वळणाऱ्याचा पहिला घोटाळा इथेच होतो.

1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला मिळाले. आज तो कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग आहे. कॉम्प्युटर येण्याआधी इथे रेडिओचे सुटे भाग विकले जात. व्हॉल्व्हच्या रेडिओत फिलामेंटला बहुधा 6.3 व्होल्ट लागत, तर त्याच व्हॉल्व्हच्या प्लेटवर दोन-अडीचशे व्होल्ट असत. त्यामुळे मेकॅनिक आधी चॅसी, म्हणजे ग्राउंड, पक्की करी, मीटरचे काळे टोक तिथे लावी आणि मगच लाल टोक पुढे नेई. या शिस्तीत रंगाला दुय्यम स्थान होते. पुढे कॉम्प्युटरच्या कामात तीच उपयोगी पडली.

रेडिओच्या त्या काळातही शहरात कॉम्प्युटर होते, पण बाजारात नव्हते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली टीआयफ्रॅक हे व्हॉल्व्हवर चालणारे यंत्र कार्यान्वित झाले. ते बांधणारे आणि वापरणारे एकाच संस्थेतले असल्याने अनोळखी कनेक्टरचा प्रश्नच नव्हता. तो उभा राहिला 1984 च्या नव्या संगणक धोरणानंतर. आयात सैल झाली, सुटे भाग येऊ लागले आणि लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करणे हा धंदा झाला.

या पीसींचा साचा आयबीएमच्या 1981 च्या यंत्राचा होता. त्यातल्या मदरबोर्डला वीज देणाऱ्या पी-8 आणि पी-9 या कनेक्टरांना प्रत्येकी सहा जागा होत्या. दोन्ही शेजारी बसवताना काळ्या तारा मध्ये एकत्र याव्या लागत. अदलाबदल झाली तर मदरबोर्ड जळे, म्हणून शिकाऊ मुलाला पहिला धडा मिळे तो ‘काळ्याला काळी’ हाच. तो धडा पुरेसा मात्र नव्हता. त्या काळच्या एटी धर्तीच्या कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत एक जाड केबल जाई. तिच्यात तपकिरी, निळी, पांढरी आणि काळी अशा चार तारा असत आणि त्यांतून थेट 230 व्होल्टचा मेन्स खेळे. एकाच डब्यात काळी तार एकीकडे ग्राउंड आणि दुसरीकडे जिवंत! केवळ रंगावर विसंबणे किती धोक्याचे, हे दाखवायला दुसरे उदाहरण नको.

1995 मध्ये इंटेलने एटीएक्स मानक आणले. वीस पिनांचा एकच कनेक्टर आला, तोही उलटा न बसणारा. नारिंगी तारेवर 3.3 व्होल्ट, निळीवर उणे 12, आणि जांभळीवर यंत्र बंद असतानाही 5 व्होल्ट. पुढे पिना 24 झाल्या. नवख्याला यामुळे मोठाच आधार मिळाला, पण सगळ्या कंपन्यांनी हे मानक पाळले नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात डेलच्या काही यंत्रांत कनेक्टर हुबेहूब एटीएक्ससारखा होता, पिनांवरची व्होल्टेज मात्र वेगळी होती. बाजारातला साधा एसएमपीएस तिथे जोडला की नुकसान ठरलेले.

म्हणून अनोळखी कनेक्टर ओळखायचा तर रेडिओवाल्यांचाच क्रम धरावा लागतो. कनेक्टर बोर्डापासून सोडवायचा आणि प्लग काढून मल्टीमीटर कंटिन्यूटीवर ठेवायचा. एक टोक एसएमपीएसच्या धातूच्या डब्याला लावून दुसरे पिनांवर फिरवायचे. बीप वाजते त्या पिना ग्राउंड. मागे 115/230 चा लाल खटका असेल तर तो 230 वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी पाहायचे. मुंबईच्या वीजपुरवठ्यावर तो 115 वर राहिला तर आतले भाग फुटतात. मग मीटर 20 व्होल्ट डीसीवर आणायचा. एटीएक्समध्ये प्लग लावताच पुरवठ्याच्या तारांपैकी फक्त जांभळी 5 दाखवते. हिरवी काळीला जोडली की पंखा फिरतो आणि बाकीच्या पिना बोलू लागतात. धन बाजूला पाच टक्के इकडेतिकडे चालते: 12 च्या जागी 11.4 ते 12.6. उणे 12 आले तर ती निळी. जुने एसएमपीएस भाराशिवाय नीट आकडे देत नाहीत. त्यांना एखादी जुनी हार्डडिस्क जोडावी लागते. डबा उघडण्याची मात्र गरज नसते, आणि नवख्याने तो उघडूही नये, कारण आतल्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही काही काळ तीनशेच्या आसपास व्होल्ट टिकून राहतात.

एटीएक्सचे हे आकडेही सगळीकडे गृहीत धरता येत नाहीत: 2020 च्या सुमारास इंटेलने दहा पिनांचे नवे मानक पुढे केले. त्यात एसएमपीएस केवळ 12 व्होल्ट देतो, बाकीची व्होल्टेज मदरबोर्ड स्वतः तयार करतो आणि यंत्र बंद असतानाचा पुरवठाही 5 ऐवजी 12 व्होल्टचा असतो.