मापात पाप

आपल्या ज्ञातीच्या इतिहासाविषयी स्मरणिकांतून जे लेख येतात, त्यांत पूर्वजांच्या सचोटीचा उल्लेख बहुधा असतोच. पिढ्यान् पिढ्या तराजू हाती धरलेल्या समाजास तो अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु थोडा विचार करू लागलो की आम्हांस एक अडचण दिसते. जेथे सर्वच दुकानदार सचोटीचे, तेथे वजने तपासण्यासाठी राजाने अधिकारी कशाला नेमावा? आणि असा अधिकारी तर आपल्या देशात फार प्राचीन काळापासून आढळतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्यास पौतवाध्यक्ष म्हटले आहे. वजने लोखंडाची, अथवा मगध व मेकल येथील दगडाची असावीत. दुसऱ्या कशाची केल्यास ती पाण्याने वा लेपाने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशी असावीत, असे तेथे सांगितले आहे. दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी होऊन छाप बसे, आणि छाप नसल्यास सव्वासत्तावीस पण दंड होई. मनुस्मृतीत ही फेरतपासणी सहा महिन्यांनी सांगितली आहे. त्यातील ‘लेप’ हा शब्द आम्हांस मोठा बोलका वाटतो. ग्रंथकाराने बाजार जवळून पाहिला होता यात शंका नाही.

मराठ्यांच्या अमदानीत बटछपाई नावाची एक पट्टी होती. वजनमापे तपासून त्यांवर छाप मारण्याबद्दल ती दुकानदारांकडून घेतली जाई. दप्तरे बाजूला ठेवली तरी आपली भाषाच साक्ष देते. तराजूची दांडी बोटाने हलकेच दाबणे, यास ‘दांडी मारणे’ म्हणत. शाळेतील मुलांच्या तोंडीही तो शब्द आहे. दोन पारडी समतोल करण्यासाठी एका बाजूस जो खडा बांधतात, तो पासंग. हा पासंग ग्राहकाच्या बाजूस किंचित जड ठेवला की वजनावर खरी छाप असूनही माल कमी जातो. छाप दगडावर असते, बोटावर नसते, ही गोष्ट आमच्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली होय.

दुसरी खोट मापांच्या बहुविधतेत होती. चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही नावे सर्वत्र सारखी, परंतु एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नसे. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा. अशा स्थितीत घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणे अवघड नव्हते, आणि त्यात सर्वांत अधिक नागवला जाई तो खळ्यावरून धान्य विकणारा शेतकरी.

तथापि दुकानदाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. धान्य मोजताना पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणावयाचे, आणि माप शीग लावून भरावयाचे, ही रीत होती. अडल्यानडल्या घरास सुगीपर्यंत उधार देणारा दुकानदार हाच असे. परंतु शीग किती उंच, हे पुन्हा हातच ठरवीत असे. ओळखीच्या माणसास एक शीग आणि परक्यास दुसरी, हा भेद आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी केला असेल. तो त्यांना अप्रामाणिकपणा वाटतही नसेल.

मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. खरा पालट मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या कायद्याने झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि एप्रिल १९६२ पासून ती सर्वत्र सक्तीची झाली. त्यापूर्वीच, १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले होते, आण्याचे सव्वासहा. पाच वर्षांत नाणे आणि वजन दोन्ही बदलल्यामुळे सामान्य गृहिणीची किती तारांबळ उडाली असेल! ८० तोळ्यांचा शेर भरतो सुमारे ९३३ ग्रॅम. तो किलो म्हणून पारड्यात टाकणाऱ्यास किलोमागे ६७ ग्रॅम सुटत. एवढे असूनही या पालटाने गरिबाचे हितच झाले असे आमचे मत आहे, कारण पायलीचा गावोगावचा घोळ कायमचा मिटला.

पुढे महागाईच्या दिवसांत ग्राहक स्वतःच संघटित होऊ लागले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली. १९७५ च्या गुढीपाडव्यास मुंबई ग्राहक पंचायत निघाली, आणि शेजारच्या घरांनी एकत्र येऊन महिन्याचा माल मागवण्याची प्रथा तिने रूढ केली. ग्राहक संरक्षणाचा कायदा १९८६ साली झाला, आणि पुढे २०१९ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली.

आता दांडी गेली, पासंग गेला, आकडे दाखविणारा काटा आला. त्याची दरवर्षी पडताळणी करून घेणे बंधनकारक आहे. तरी दिवाळीत मिठाई घेताना पुठ्ठ्याचा डबा पेढ्यांच्या भावाने तोलला जातो, आणि शेजारी उभी असलेली शिकलेली मंडळी संकोचाने गप्प राहतात. बोलावयाचे तर ‘एवढ्याशासाठी?’ असे ऐकावे लागते. तो दुकानदार आपल्यापैकी असल्यास तर तोंड उघडणे अधिकच कठीण.

जुन्या ज्ञातिपंचायती रोटीबेटीच्या व्यवहारावरून दंड करीत, हे सर्वश्रुत आहे. खोट्या मापाबद्दल कोणास पंक्तीतून उठविल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. दंड करण्याचा तो अधिकार आता कोणासही नाही, आणि तो नसणे योग्यच आहे. सत्कार करण्याचा अधिकार मात्र मंडळाकडे अजून आहे. वार्षिक मेळाव्यात ज्या व्यापारी बंधूंना शाल-श्रीफळ द्यावयाचे, त्यांच्या काट्याचे चालू वर्षाचे पडताळणी प्रमाणपत्र आधी पाहून घ्यावे, अशी लेखी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली आहे. ती पुढील सभेत विचारार्थ येईल.