पटकी, वारी आणि जिवाणूभक्षक विषाणू

१/५
श्रीपूरच्या माळशिरस तालुक्यातून आषाढीच्या पालख्या पंढरपूरकडे जातात. एकोणिसाव्या शतकात वारीवर पटकीचे सावट असे. दूषित पाण्यातून साथ पसरे.

२/५
१८९६ साली आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी उलटेच निरीक्षण प्रसिद्ध केले. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जिवाणू काही तासांत मरत. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होई.

३/५
१९१७ साली फेलिक्स देरेल यांनी जिवाणूंचा फडशा पाडणाऱ्या विषाणूंना ‘बॅक्टेरिओफाज’ असे नाव दिले. हँकिन यांना दिसलेला गुण याच फाजचा असावा, असे पुढे अनेकांनी मानले. १९२७ मध्ये देरेल भारतात आले आणि पंजाबात पटकीच्या रुग्णांना त्यांनी फाज पाजले.

४/५
हा उपचार मागे का पडला? एक फाज ठरावीक जिवाणूंनाच मारतो. पुढे प्रतिजैविके आली. ती एकाच वेळी अनेक जिवाणूंवर चालत. पटकीत शरीरातील पाणी व क्षार भरून काढणेच जीव वाचवते, हेही सिद्ध झाले.

५/५
आज प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढले आहेत, म्हणून फाजकडे पुन्हा लक्ष वळले आहे. मात्र रुग्णाच्या जिवाणूशी जुळणारा फाज प्रयोगशाळेत निवडून शुद्ध करावा लागतो. नदीचे पाणी त्याची जागा घेऊ शकत नाही.