मार्गेटकरांनी ‘ड्रीमलँड’ कसं वाचवलं?

मार्गेट हे इंग्लंडच्या केंट काउंटीतलं समुद्रकाठचं छोटं शहर. तिथल्या ‘ड्रीमलँड’ या जुन्या अम्युझमेंट पार्कच्या जागी दुकानं आणि घरं बांधायचा बेत पुढे आला, तेव्हा २००३ मध्ये ‘सेव्ह ड्रीमलँड’ मोहीम सुरू झाली. लोकांकडे हुकमाचा एक्का होता: १९२० ची लाकडी रोलर कोस्टर, ‘सीनिक रेल्वे’. ब्रेक लावायला गाडीतच एक माणूस बसतो, अशी ही राइड! तिला २००२ मध्येच वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं होतं, त्यामुळे ती सहज पाडता येणार नव्हती. २००८ च्या आगीत तिचा काही भाग जळाला, तरी लोक मागे हटले नाहीत. अखेर थानेट कौन्सिलने जागेचं सक्तीने भूसंपादन केलं. जून २०१५ मध्ये पार्क उघडलं. सीनिक रेल्वेसाठी मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबावं लागलं.