मच्छेच्या विद्यापीठात रुजलेले शब्द

बेळगावहून खानापूरकडे निघाले की उद्यमबागेतल्या फाउंड्री मागे पडतात, पिरनवाडी जाते आणि मच्छे येते. गावात मराठी बोलली जाते. इथेच ‘ज्ञानसंगम’ नावाचा मोठा परिसर आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे हे मुख्यालय. सारे कर्नाटक त्याला व्हीटीयू म्हणते. राज्यातल्या बहुतेक अभियंत्यांच्या पदव्या येथून निघतात. इमारती, अभ्यासक्रम आणि महाविद्यालयांच्या संख्येवरून या संस्थेची वाटचाल अनेकदा सांगितली गेली आहे. मला ती तिथे वापरल्या जाणाऱ्या शब्दांवरून सांगायची आहे. संगणकाचे इंग्रजी शब्द कसे जन्मतात आणि सीमाभागातल्या मुलांच्या तोंडी कसे रुळतात, हे पाहायला मच्छेसारखी दुसरी जागा नाही.

विद्यापीठाचा कायदा १९९४ सालचा. प्रत्यक्ष कामाला सुरुवात १ एप्रिल १९९८ रोजी झाली. तोवर राज्यातली अभियांत्रिकी महाविद्यालये वेगवेगळ्या विद्यापीठांना जोडलेली होती. बेळगावचे गोगटे तंत्रज्ञान महाविद्यालय १९७९ सालचे, ते धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होते. अभ्यासक्रम वेगळा, परीक्षेचे वेळापत्रक वेगळे, निकालाची तऱ्हा वेगळी. हे सगळे एका छत्राखाली आले आणि त्याचे मुख्य कार्यालय राजधानीत न ठेवता बेळगावला दिले गेले.

नाव दिले ते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे. म्हैसूरचे दिवाण आणि कृष्णराजसागर धरणाचे शिल्पकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे आणि नोकरीची सुरुवातही मुंबई इलाख्यातली. खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे त्यांनीच बसवले. दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी सुचवलेली ‘ब्लॉक’ पद्धत मात्र फारशी सांगितली जात नाही. जमिनीचे गट पाडायचे आणि ठरलेल्या पिकांना पाळीपाळीने पाणी द्यायचे, अशी ती रीत. ब्लॉक म्हणजे मुळात लाकडाचा ठोकळा. इंग्रजीने त्याला नवे काम दिले, ते पाटबंधारे खात्याच्या कागदावर आले आणि तिथून बागायतदारांच्या बोलण्यात उतरले. आज मच्छेतला विद्यार्थी एखाद्याचा नंबर ‘ब्लॉक करतो’, तेव्हा तोच शब्द पुन्हा नव्या कामाला लागलेला असतो. ज्यांच्या नावाने विद्यापीठ उभे आहे, त्यांच्याच कामात संगणकयुगाची ही युक्ती दिसते.

विद्यापीठ सुरू झाले तसे पहिले नवे शब्द जन्मले ते हजेरीपटावर. प्रत्येक विद्यार्थ्याला यूएसएन, म्हणजे विद्यापीठाचा आसन क्रमांक, मिळाला. बाहेरच्या माणसाला हा क्रमांक नुसता अगम्य वाटतो. उदाहरणार्थ ‘२जीआय१५सीएस’ आणि पुढे तीन आकडे. २ म्हणजे बेळगाव विभाग, कारण १ बेंगळुरूचा, ३ कलबुर्गीचा आणि ४ म्हैसूरचा. जीआय हे महाविद्यालय, १५ हे प्रवेशाचे वर्ष, सीएस ही शाखा. दहा अक्षर-अंकांत मुलाचा सगळा पत्ता मावतो. कुठल्याही समितीने नाव सुचवण्याआधी मुलांनी त्याचे बोलीतले रूप करून टाकले. ‘तुझा यूएसएन काय?’ हा प्रश्न वसतिगृहात नाव विचारल्यासारखा विचारला जातो.

पहिल्या वर्षाच्या विषयाचे नावही असेच बोलके आहे. सी ही संगणकभाषा पहिल्याच वर्षी शिकवतात. २००६ आणि २०१० च्या अभ्यासक्रमांतला तो विषय मुले ‘सीसीपी’ म्हणत. २०१५ च्या अभ्यासक्रमात तो ‘पीसीडी’ होता, २०१८ मध्ये ‘सीपीएस’. अनुभवी माजी विद्यार्थ्याला नुसती तीन अक्षरे सांगा, समोरचा कुठल्या वर्षाचा ते तो ओळखतो. भाषा मात्र तीच, डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेली. तिचे नाव सी पडले ते तिच्याआधी बी नावाची भाषा होती म्हणून. एवढा साधा हिशेब, आणि त्यावर आज जगातली कितीतरी यंत्रणा उभी आहे.

मुलांच्या बोलण्यातले शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात. पुनर्तपासणीचे ‘रीव्हॅल’, महाविद्यालयातल्या परीक्षांचे ‘इंटर्नल्स’, अडकलेल्या वर्षाचे ‘इयर बॅक’. पहिले वर्ष भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन गटांत विभागलेले, म्हणून ‘पी सायकल’ आणि ‘सी सायकल’. ‘आमची पी सायकल संपली, आता सी सायकल’ असे ते सांगतात. या शब्दांकडे घाईची बोली म्हणून कोणी नाक मुरडू नये. शब्दाचा शेपटा छाटणे, दोन शब्द जोडणे, आद्याक्षरे वाचणे, ही इंग्रजी संगणकशास्त्राची नेमकी तीच हत्यारे आहेत.

‘बिट’ पाहा. दोन इंग्रजी शब्दांच्या टोकांतून जॉन ट्यूकी यांनी १९४७ मध्ये तो जुळवला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या निबंधात छापील केला. ‘बाइट’ वर्नर बुखहोल्झ यांचा, १९५६ सालचा, आयबीएममधला. तो आधी चावण्याच्या शब्दासारखा लिहिला जाई. ‘बिट’शी गल्लत होऊ नये म्हणून मुद्दाम स्पेलिंग बदलले. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर मिळून मोडेम. चित्रातल्या घटकाचा पिक्सेल. ‘बग’ तर संगणकापेक्षा जुना. एडिसन यांनी १८७८ मध्येच यंत्रातल्या बिघाडाला तो शब्द वापरला होता. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क २ या यंत्रात खराच एक पतंग सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ‘बग सापडल्याचा पहिला प्रत्यक्ष प्रसंग’ अशा अर्थाची टीप लिहिली गेली. ‘बूट’, ‘पॅच’, ‘माऊस’ हे सगळे असेच घरातले, कारखान्यातले शब्द. ज्याच्या हातात काम होते, त्याने आपल्या सोयीने नाव ठेवले आणि ते टिकले.

सगळे शब्द इंग्रजीच्या पोटातलेही नाहीत. अल्गोरिदम हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादमधल्या गणिती अल-ख्वारिझ्मींच्या नावावरून आला. पडद्यावरच्या खेळाडूचा ‘अवतार’ आपल्याकडचा. घेण्यात कमीपणा नसतो, हे इंग्रजीला फार पूर्वी कळले.

पुन्हा मच्छेकडे वळू. २००४ मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सुटला. त्याच्या प्राथमिक प्रयोगासाठी निवडलेल्या विद्यापीठांत व्हीटीयू होते. एका ठिकाणच्या प्राध्यापकाचे व्याख्यान दूरच्या महाविद्यालयांच्या पडद्यावर दिसू लागले. एज्युसॅट हा शब्दही दोन तुकडे जोडलेलाच, आणि त्या वेळी तो वर्गाच्या नावासारखा वापरला जाऊ लागला. त्यानंतर क्रेडिट पद्धत आली. अलीकडच्या वर्षांत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मशीन लर्निंग’, ‘डेटा सायन्स’, ‘सायबर सुरक्षा’ अशा शाखा वाढल्या. स्थापत्य आणि यांत्रिकी शाखांना मुले ‘कोअर’ म्हणतात. जे आजवर नुसते ‘इंजिनियरिंग’ होते, त्याला वेगळे नाव लागले, कारण शेजारी नवे काही येऊन बसले. २०२३ मध्ये केंब्रिज शब्दकोशाने वर्षाचा शब्द म्हणून ‘हॅल्युसिनेट’ निवडला, भासाचा जुना शब्द, आता यंत्राच्या चुकीच्या उत्तराला लावलेला. तो इथल्या प्रयोगशाळांतही आला आहे.

आता आपल्या मुलांकडे येतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यातली मराठी मुले दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पुढच्या वर्गात एकाएकी सगळे इंग्रजी होते. ती हुशार असतात, पण पहिली दोन सत्रे शब्दांशी झगडण्यात जातात. वर्गाबाहेर मात्र त्यांची जीभ मोकळी असते. ‘प्रोग्रॅम हँग होऊलालाय’ या बेळगावी वाक्यात इंग्रजी शब्द आहेत, मराठी क्रियापद आहे आणि कन्नडच्या शेजारातून आलेले रूप आहे. अशा वाक्यांत भाषा बिघडते असे मला वाटत नाही. तिचे कामाशी नाते टिकून राहते, आणि नवे शब्द नेमके तिथेच जन्मतात.

सीमाभागाला आणखी एक सोय आहे. कन्नडमध्ये संगणकाला ‘गणकयंत्र’ म्हणतात, आपण ‘संगणक’. धातू तोच. गणक म्हणजे हिशेब मांडणारा, ज्योतिषी, माणूसच. इंग्रजीतही ‘कम्प्युटर’ हा आधी हिशेब करणारा माणूस होता. यंत्राला ते नाव नंतर मिळाले. शेजारी बसणाऱ्या दोन मुलांनी, एक मराठी आणि एक कन्नड, आपापले शब्द एकमेकांना सांगितले तर अर्ध्या पारिभाषिक शब्दांचा उलगडा आपोआप होईल. विद्यापीठाने इतर भाषिक मुलांसाठी व्यवहारातल्या कन्नडचा विषय ठेवला आहे, तो चांगला आहे. त्याच्या जोडीला तांत्रिक शब्दांची त्रिभाषिक पुस्तिका निघावी, ही मागणी मी करतो.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची परवानगी दिली आहे. पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरूही केली. मच्छेच्या आसपास तसा वर्ग लगेच भरेल असे मी म्हणत नाही, आणि इंग्रजी सोडा असे तर मुळीच नाही. पण माध्यमिक शाळांत काम सुरू करता येते. आठवी-नववीच्या शिक्षकांनी संगणकाचा प्रत्येक नवा शब्द आधी मराठीत समजावून सांगावा, मग इंग्रजी स्पेलिंग द्यावे. प्रत्येक वर्गाने आपली शब्दवही ठेवावी आणि त्यात मुलांनी स्वतः बनवलेले शब्दही लिहावेत. बेळगावच्या वाचनालयांनी आणि व्हीटीयूतून शिकून बाहेर पडलेल्या मराठी अभियंत्यांनी या वह्या एकत्र करून छापण्याचे मनावर घ्यावे. हे काम येत्या शैक्षणिक वर्षातच हाती घ्या.