बाल फिजिओथेरपी, हैदराबादमधील

मेंदू, मज्जारज्जू, स्नायू, हाडे किंवा फुप्फुसे यांच्या विकारामुळे ज्यांची हालचाल अडते वा वाढीचे टप्पे लांबतात, अशा अर्भकांना व मुलांना दिला जाणारा, व्यायाम आणि सराव यांवर उभा असलेला उपचार. सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम, स्पायना बिफिडा, स्नायूंचा अपक्षय, जन्मजात वाकडे पाऊल, प्रसूतीत खांद्याच्या नसा ताणल्याने लुळा पडलेला हात आणि एका बाजूला कललेली मान ही त्याची नेहमीची क्षेत्रे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांवरही याच दृष्टीने लक्ष ठेवावे लागते.

भारतात या शाखेला पोलिओने बळ दिले. समाजसेविका फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला. तिच्या उपचारांसाठी धडपडताना इतर मुलांची आबाळ त्यांना दिसली आणि १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सोयही पुढच्या काही वर्षांत मुंबईतच, केईएम रुग्णालयात झाली. हैदराबादेत निलोफर रुग्णालय १९५३ पासून स्त्रिया व मुलांसाठी चालते. निजामाच्या सूनबाई निलोफर यांची दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून ते उभे राहिले. देशात वन्य विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. आज उपचारकेंद्रांत सेरेब्रल पाल्सीची मुले मोठ्या संख्येने दिसतात. जन्मताना गुदमरलेली, फार कमी वजनाची किंवा तीव्र कावीळ झालेली बाळे आता वाचतात, पण त्यांतल्या काहींच्या मेंदूला इजा झालेली असते.

हैदराबादच्या जोडशहरात, सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४ मध्ये केंद्र सरकारने बौद्धिक अपंगत्वासाठी राष्ट्रीय संस्था स्थापली. आज ती ‘एनआयईपीआयडी’ या लघुनामाने ओळखली जाते. नवी मुंबईत तिचे प्रादेशिक केंद्र आहे. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, विशेष शिक्षण आणि पालकांचे प्रशिक्षण सिकंदराबादला एका आवारात मिळते. लांबून आलेल्या कुटुंबांना काही दिवस राहून शिकता यावे म्हणून तेथे कुटुंबनिवासांची सोय करण्यात आली. या संस्थेचे सर्वांत मोलाचे काम हेच म्हटले पाहिजे. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि नांदेड-लातूरकडची कुटुंबे आजही मोठ्या आजारासाठी हैदराबाद गाठतात. त्यांना दर आठवड्याला फेऱ्या मारणे परवडत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने देशात सुरू केलेल्या चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपैकी एक सिकंदराबादेत आहे. तेलंगणातील शालेय वयाच्या, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी मंडल पातळीवर ‘भविता’ केंद्रे आहेत.

उपचाराची खरी वेळ पहिल्या दोन वर्षांतली. बाळ तीन ते पाच महिन्यांचे असताना जागेपणी त्याच्या मान, धड व हातापायांत सतत बारीक हालचाली दिसतात. त्या नसतील तर जाणकाराला सेरेब्रल पाल्सीची शंका तेव्हाच येते. चार महिन्यांनंतरही मान न धरणे, मुठी घट्ट मिटलेल्या राहणे, नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे, वर्षाच्या आत एकच हात वापरणे आणि दीड वर्षापर्यंत न चालणे या खुणांवर तपासणी झालीच पाहिजे. ‘याचा मामाही उशिराच चालला’ हे घरातले समाधान अशा वेळी महाग पडते.

पद्धतींबाबत गेल्या काही दशकांत मत बदलले आहे. बोबाथ दांपत्याची, थेरपिस्टच्या हातांनी हालचाल घडवून आणणारी पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली जाई. आता मुलाने स्वतः केलेल्या, खऱ्या कामाशी जोडलेल्या सरावाला अधिक पुरावा आहे: खेळण्यापर्यंत पोचणे, वाटी धरणे, पायरी चढणे. एक बाजू कमजोर असेल तर चांगल्या हातावर काही वेळ मोजा चढवून दुसऱ्याला कामाला लावतात. नुसते हातपाय ताणल्याने सांधे आखडणे थांबत नाही. सेरेब्रल पाल्सीत खुबा हळूहळू निखळू शकतो, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे लागतो. वाकड्या पावलासाठी पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. त्यानंतर विशेष बूट सुरुवातीला जवळजवळ दिवसभर आणि मग चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत झोपेत घालावे लागतात. ते मध्येच सोडले की पाऊल पुन्हा वळते.

तेल लावून केलेली हलकी मालीश बाळाला सुखावते, पण तिने सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही. जोर लावून हातपाय ओढणे तर घातकच. ठिसूळ हाडांच्या आजारात त्याने हाड मोडते. बाळाला आत बसवायचा गोल वॉकर चालणे लवकर शिकवत नाही आणि अपघात घडवतो. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदी घातली. ढकलत चालायचा लाकडी पांगुळगाडा ही वेगळी वस्तू आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याखाली जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते आणि पुढील उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मिळतात. मराठवाड्यातील पालकांनी हैदराबादचा प्रवास ठरवण्याआधी आपल्या जिल्हा रुग्णालयात या केंद्राची चौकशी करावी. हैदराबादला गेल्यास घरी काय, किती वेळा आणि कशासाठी करायचे हे थेरपिस्टकडून लिहून घ्यावे आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून दाखवावे.